रेघ थोरलीची, सावली धाकटीची

१

दोघी बहिणी मिळून एक चित्रकार होत्या, असं ओळखीचे लोक थट्टेनं म्हणायचे आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. थोरली रेघ काढायची, धाकटी सावली भरायची. लहान मुलांच्या पुस्तकांतले घोडे, शिड्या, छत्र्या, आगगाड्या असं कितीतरी या दोघींच्या हातून बाहेर पडलं, पण एक अख्खं चित्र दोघींपैकी कुणीच एकटीनं कधी काढलं नाही.

खोलीत दोन टेबलं समोरासमोर होती आणि त्यांच्या बाजूला मोठी खिडकी. थोरलीच्या टेबलावर निब, शाईची दौत आणि घडी घातलेलं फडकं, बस्स. समोर धाकटीचा पसारा: मऊ पेन्सिलींची थोटकं, कागद गुंडाळून केलेल्या सुरळ्या, कापसाचे बोळे आणि सगळीकडे पेन्सिलीची काळी पूड. धाकटीची बोटं कायम राखाडी असायची. कपाच्या कानावर, दाराच्या कडीवर, दिव्याच्या बटणावर तिचे अंगठे उमटलेले असायचे.

"अगं, घरात चोर शिरला तरी पोलीस तुलाच धरून नेतील," थोरली म्हणायची.

"नेऊ देत. कोठडीत गजांच्या सावल्या काय झकास पडत असतील!" धाकटीचं उत्तर तयार असायचं.

ती होतीच तशी वेडी. रस्त्यानं चालताना कुठल्या तरी जिन्याच्या कठड्याची सावली पायऱ्यांवर मोडत मोडत उतरताना दिसली की ही तिथंच उभी, आणि बस गेली निघून. म्हणायची, "ताई, उजेड काही कुणाला दिसत नाही. सावली पडते म्हणून तो आहे हे कळतं." थोरलीला हे सगळं जरा अतीच वाटे. तिचा विश्वास रेघेवर. रेघ म्हणजे कशी, सुरू झाली तिथंच येऊन मिटली पाहिजे.

कामाची रीत ठरलेली होती. रेघ पूर्ण झाली की थोरली कागद उचलून समोरच्या टेबलावर ठेवायची आणि विचारायची, "उजेड कुठून घेणार?"

"बघू," धाकटी म्हणायची. रोज तेच विचारणं आणि रोज तेच उत्तर.

मग थोरलीनं पाठ फिरवायची. अर्धी सावली बघू नये, हा धाकटीचा कायदा. त्यात मोठ्या बहिणीलाही सवलत नव्हती. थोरली स्वयंपाकघरात जाऊन चहा टाके आणि तिथून तिला ऐकू येई: पेन्सिलीची मऊ खरखर, मध्येच पूड उडवायला मारलेली फुंकर, पुन्हा खरखर. हा आवाज ऐकत चहा उकळायचा, हेच थोरलीचं सुख. ते सुख होतं हे तिला पुढं कळलं.

थंडीत धाकटीला साधा ताप आला. मग तो साधा राहिला नाही. दवाखान्यातून थोरली एकटीच घरी परतली.

२

अर्ध्यावर राहिलेलं पुस्तक 'घरातल्या वस्तू' या विषयावरचं होतं. थोरलीनं रेघा काढून पाठवल्या. त्या हातात घेऊन संपादकबाई स्वतःच घरी आल्या. बाई भल्या होत्या, पण कामाच्या बाबतीत भीडभाड नाही.

"रेघेला नाव ठेवायला जागा नाही," त्या म्हणाल्या. "पण सगळं हवेत तरंगतंय हो. हे स्टूल बघा. यावर कुणी बसलं तर कागदातून खाली पडेल. थोडी सावली टाका ना तुम्हीच."

थोरलीनं प्रयत्न केला. आयुष्यभर स्वयंपाकघरातून जे नुसतं ऐकलं ते हाताला कुठून येणार? तिच्या सावल्या म्हणजे चुलीवरची काजळी सांडल्यासारख्या. तीन-चार कागद फाडल्यावर तिनं हात टेकले. पुन्हा नव्या कागदावर कपाची रेघ काढली, ती मिटवली आणि सवयीनं उठून कागद समोरच्या टेबलावर ठेवला. ठेवून झाल्यावर आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. तो परत उचलायला काही हात होईना, म्हणून ती तशीच चहा टाकायला गेली.

परत आली तेव्हा कपाला सावली होती.

मऊ, कडेला विरत गेलेली, कपाच्या पोटात गोल फिरून कानाखाली जरा गडद झालेली. अशी सावली जगात एकच हात टाकायचा.

थोरलीनं खुर्ची ओढली आणि बसली. तिनं स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली, कारण ती समजूतदार म्हणूनच घरात वाढली होती. हा जुना कागद असेल, पसाऱ्यातून वर आला असेल. पण शाई अजून ओली चमकत होती. मग आपणच टाकली असेल, भ्रमिष्टासारखी, आणि विसरलो असू. तिनं आपली बोटं पाहिली. ती स्वच्छ होती.

घाबरायचं राहूनच गेलं. ती कागदाकडं बघत, थंडगार चहा पीत कितीतरी वेळ बसून राहिली. खरं सांगायचं तर कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

३

खटकलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. टेबलावर ऊन आलं होतं. दौतीची सावली लाकडावर पडली होती, निबची पडली होती, घडी घातलेल्या फडक्याचीही बारीकशी कड दिसत होती. शेजारी काल चित्रात काढलेला चहाचा कप होता. त्याची पडली नव्हती.

थोरलीनं कप इकडं सरकवला, तिकडं सरकवला. खिडकीच्या गजांच्या सावल्या त्याच्या खालून सरळ निघून गेल्या, जणू तिथं कप नव्हताच. तिनं तो ओठाला लावला. चहा गरम होता आणि गोडही होता.

तिनं डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन डोळे तपासून घेतले. "या वयात असे डोळे म्हणजे भाग्यच," ते म्हणाले. तिला त्यांचा जरा रागच आला.

मग तिनं छत्रीची रेघ काढली. कोपऱ्यात टेकवलेली घरातलीच काळी छत्री. कागद पलीकडं ठेवला, पाठ फिरवली, स्वयंपाकघरात गेली. या वेळी चहा टाकला नाही. भांड्यांचा आवाज नको म्हणून ओट्याला धरून नुसती उभी राहिली.

खरखर ऐकू आली. मग फुंकर. थोरलीनं डोळे मिटून घेतले. मागं वळून खोलीत डोकवावं असं तिला वाटलं नाही, असं नाही. पण अर्धी सावली बघितली की धाकटी कागद फाडून टाकायची आणि दोन दिवस बोलायची नाही. थोरलीला तो अबोला परवडण्यासारखा नव्हता.

छत्रीचं चित्र सुरेख उतरलं. कोपऱ्यातली छत्री भिंतीवर चिकटवल्यासारखी सपाट दिसू लागली.

संपादकबाई चित्रं बघायला आल्या आणि हरखून गेल्या. "शिकलात की हो! अगदी त्यांचाच हात." चहा पिऊन त्यांनी कप खाली ठेवला. त्याला सावली नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही. कपाकडं इतकं कोण बघतं? मात्र जाता जाता त्या म्हणाल्या, "एक बदल दिसतोय. पूर्वी तुमच्या चित्रात उजेड नेहमी बाजूनं यायचा, खिडकीतून आल्यासारखा. आता समोरून येतोय. सगळ्या सावल्या वस्तूच्या मागं पडल्यात. छान आहे, वेगळं आहे."

त्या गेल्यावर थोरलीनं एक चित्र पुन्हा धाकटीच्या टेबलावर होतं तसं ठेवलं आणि सावलीच्या टोकापासून उलटी येत बोटानं रेघ धरली. बोट वस्तूवरून पुढं आलं, कागदाच्या खालच्या कडेशी आलं, टेबलाच्या काठाशी आलं. काठापलीकडं धाकटीची रिकामी खुर्ची होती. उजेड तिथून येत होता. दुसरं चित्र ठेवलं, तिसरं ठेवलं. प्रत्येक वेळी बोट तिथंच जाऊन थांबलं.

खुर्चीवर काही नव्हतं. पाठीवर धाकटीचा जुना स्वेटर तेवढा होता. खरं म्हणजे तो आधी थोरलीचा होता. धाकटीनं आयुष्यभर थोरलीचंच उतरलेलं घातलं. झगे, बूट, शाळेचं दप्तर, हा स्वेटर. "तुझं जुनं मला कायम बरोब्बर बसतं," असं म्हणत ती ते कौतुकानं मिरवायची. नवं आणून दिलं की हिला ते टोचायचं.

४

पुस्तकाची चित्रं संपली, तरी थोरली थांबली नाही. घड्याळ झालं, कपाट झालं, दाराची कडी झाली, स्वयंपाकघरातलं पातेलं झालं. रोज एक रेघ, रोज एक सावली. आपण काय करतो आहोत हे तिला पुरतं ठाऊक होतं. वस्तू इथं रिकामी होते आणि कागदावर भरते. पण त्या बदल्यात दुपारची ती खरखर ऐकायला मिळते. थोरलीला हा सौदा मुळीच महाग वाटत नव्हता.

भाऊ अधूनमधून यायचा. दोघी बहिणींच्या मधला, संसारी आणि मनानं सरळ माणूस. या वेळी तो उंबऱ्यातच घुटमळला.

"ताई, घराला रंग दिलास का?"

"नाही रे. का?"

"काहीतरी वेगळं वाटतंय. मोकळं मोकळं." तो आत आला, पण बसताना त्यानं आधी खुर्चीला हात लावून पाहिला. ती आहे याची खात्री करून घेतल्यासारखा. बसल्यावर आपण असं का केलं म्हणून तोच ओशाळला. "तू चल आमच्याकडं. खोली रिकामी आहे. पोरं विचारतात, मोठी आत्या कधी येणार म्हणून. इथं एकटी बसून किती दिवस कागद काळे करणार?"

"मी नाही करत काळे. ते धाकटीचं काम," थोरली बोलून गेली.

भाऊ हसला. मग त्याचं हसू ओसरलं. धाकटीच्या खुर्चीकडं बघत तो म्हणाला, "खरं सांगू? मला तिचा चेहरा नीट आठवेनासा झालाय. लाज वाटते बघ सांगायला. एखादा धड फोटो तरी असता."

धड फोटो नव्हताच. कॅमेरा दिसला की धाकटी तोंडासमोर हात धरायची. चित्र काढू का म्हटलं तरी उसळायची. एकदा थोरलीनं फारच हट्ट धरला, तेव्हा ती म्हणाली होती, "तू रेघ काढशील गं. पण माझ्यावर सावली कोण टाकणार? नुसत्या रेघेत ठेवशील मला, तरंगत?"

"या रविवारी न्यायला येतो," भाऊ जाताना म्हणाला. "आता नाही म्हणू नकोस."

थोरली नाही म्हणाली नाही. तिनं बॅगही भरून दाराशी ठेवली. भावाचं बोलणं मात्र तिच्या मनातून जाईना. तिलाही तेच होत होतं. धाकटीच्या कपाळाची रेघ, नाकाची रेघ, हनुवटीचं वळण सगळं तिच्या बोटांत पक्कं होतं. पण त्या रेघांच्या आतलं काही डोळ्यांपुढं येत नव्हतं. गाल कसे होते? डोळ्यांखाली काय होतं? तीच बाजू धाकटीची होती. थोरलीनं ती कधी लक्षात ठेवलीच नव्हती.

५

तिनं सगळ्यात चांगला कागद काढला. धाकटी तिच्या टेबलाशी बसलेली, मान किंचित खाली, हातात पेन्सिल. रेघ एका दमात आली. कुठं थांबावं लागलं नाही की खोडावं लागलं नाही. चेहऱ्यात थोरलीनं गरजेपुरतंच काढलं आणि बाकीची जागा कोरी सोडली. कागद समोर ठेवून विचारलं, "उजेड कुठून घेणार?" आणि आत गेली.

काहीच ऐकू आलं नाही. चहा उकळून आटला. कागद जसा होता तसा पांढरा.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी थोरली ओट्याशी उभी राहून रडली. मोठ्यानं, लहान मुलीसारखी. "रागावलीस का गं?" तिनं रिकाम्या खोलीला विचारलं. "एकदा बघू दे ना मला. एकदाच बघू दे."

रडून झाल्यावर डोकं जरा शांत झालं आणि मग तिला कळलं. कपाची सावली कपाकडं होती, छत्रीची छत्रीकडं. कागदावर यायची ती वस्तूची स्वतःची सावली यायची. धाकटीची आता कुठून आणायची? ती जगात कुठंच पडत नव्हती.

शनिवारची दुपार होती. खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं. थोरली खुर्चीवरच्या स्वेटरकडं बघत राहिली. मग उठली, केस नीट बांधले आणि खिडकी आणि धाकटीचं टेबल यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तोंड खिडकीकडं, पाठ टेबलाकडं. तिची सावली मागं टेबलावर पडली होती, कागदावर, धाकटीच्या त्या कोऱ्या रेघेवर. बघायची गरज नव्हती. तिला ते पाठीला कळत होतं.

"घे," ती म्हणाली. "जुनीच आहे. तुला बसेल."

तिनं डोळे मिटले. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, कुणीतरी हसलं. आत्ता बाजूला झालं तर अजून वेळ आहे, उद्या भाऊ येईल, पोरं वाट बघतायत, असं तिची समजूतदार बुद्धी तिला सांगत होती. ती हलली नाही.

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि पेन्सिलीची खरखर सुरू झाली. इतक्या जवळून थोरलीनं ती कधीच ऐकली नव्हती. पायांच्या तळव्यांपाशी काहीतरी सुटू लागलं, ओली शाल अंगावरून हळूहळू ओढून घ्यावी तसं. दुखलं नाही. हलकं वाटलं, नको इतकं हलकं. मग मानेवर, केसांच्या अगदी खाली, फुंकर आली.

६

खरखर थांबल्यावर तिनं डोळे उघडले आणि वळली.

कागदावर धाकटी होती. गाल होते. डोळ्यांखालचा तो थकलेला खोलगटपणा होता, तो थोरली साफ विसरून गेली होती. ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू होतं. नाकाला पेन्सिलीचा काळा डाग लागला होता. तो डाग कायम असायचा आणि थोरली कायम तो पदराच्या टोकानं पुसायला जायची. आत्ताही तिचा हात आपोआप पुढं झाला. उन्हातून गेलेल्या त्या हाताची कागदावर सावली पडली नाही.

धाकटीच्या मागं, चित्रातल्या जमिनीवर, सावली लांब पसरली होती. तिला केसांची गाठ होती. धाकटीनं कधी गाठ बांधली नाही. तिचे केस कायम मोकळे.

"बसली बरोब्बर," थोरली म्हणाली आणि तिला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती. भीती वाटायला हवी होती, पण इतक्या दिवसांची ती आस फिटली होती, आणि तिच्यापुढं भीतीला कुठली जागा?

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. खुर्ची कुरकुरली नाही. रविवार उजाडेपर्यंत ती तिथंच बसून होती. चित्र तिनं समोर ठेवलं होतं आणि बघून बघून तिचं मन भरत नव्हतं. बघता बघता तिला एक गोष्ट खटकली. चित्रात धाकटी एकटीच बसली होती. तिच्या टेबलासमोर पांढरा कागद नुसता रिकामा होता. एकटीनं बसायची धाकटीला कधी सवयच नव्हती. सावली तर तिकडं गेलीच, मग रेघेनं इथं मागं राहून काय करायचं?

थोरलीनं निब उचलली आणि त्याच कागदावर, समोरच्या बाजूला, दुसरं टेबल काढलं. दौत काढली, फडकं काढलं. मग त्या टेबलाशी बसलेल्या बाईची पाठ, केसांची गाठ, खांदा, वाकलेला हात. स्वतःला काढताना तिला एकदाही आरशात बघावं लागलं नाही. मनगटाशी येऊन रेघ थांबली. मिटायला अगदी थोडीच जागा उरली होती.

दारावरची घंटा वाजली. "ताई!" भावाचा आवाज आला. "आवरलंस ना? खाली गाडी उभी आहे."

थोरलीनं दाराकडं पाहिलं. उंबऱ्याशी बॅग होती. मग तिची नजर जमिनीवर गेली. सकाळचं ऊन फरशीवर आलं होतं. घरातल्या कुठल्याच वस्तूची सावली त्यात नव्हती. फक्त एक होती, समोरच्या खुर्चीच्या पायाशी. केसांची गाठ असलेली, कोपर हलणारी, पेन्सिलीला टोक काढणारी.

तिनं मान वर केली नाही. अर्धी सावली बघू नये.

"ताई? ऐकतेस ना?" भावानं पुन्हा घंटा दाबली, मग दारावर थाप मारली.

थोरलीनं कागद जरासा पुढं सरकवला आणि रोजच्यासारखं विचारलं, "उजेड कुठून घेणार?"

"बघू," पलीकडून उत्तर आलं. "आधी तुझी रेघ तर मिटव."

थोरलीनं निब शाईत बुडवली.